बिबट्या मे, बिबट्या मस्ट

'मोडल ऑक्झिलरी' हे शब्द वर्गात पहिल्यांदा उच्चारले जातात तेव्हा जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या पोरांना वाटतं, ट्रॅक्टरचं नवीन मॉडेल आलं असणार. उरलेल्या निम्म्यांना काहीच वाटत नाही. ती खिडकीबाहेर बघत असतात. सर मात्र फळ्यावर लिहीत सुटलेले असतात. कॅन म्हणजे ॲबिलिटी. मे म्हणजे पॉसिबिलिटी. शुड म्हणजे ॲडव्हाइस. मस्ट म्हणजे कंपल्शन. ऑट टू म्हणजे मॉरल ऑब्लिगेशन. पोरं उतरवून घेतात, पाठ करतात, बोर्डाच्या परीक्षेत एखादा गुण कमावतात आणि मोडलचा नि त्यांचा संबंध तिथंच संपतो. पुढं आयुष्यात कुणीही आडवं येऊन विचारत नाही, की काय रे, तुझ्या त्या ऑट टूचं पुढं काय झालं?

गंमत अशी, की खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांच्या कानावर दिवसभर मोडलच पडत असतात. या दोन तालुक्यांत सरळ 'हो' आणि सरळ 'नाही' हे दोन्ही उद्धटपणात जमा होतात.

"उद्या येतो का रं, कांदा भरायचाय."

"येतो की."

या 'येतो की'मध्ये येणं, न येणं, दुपारून येणं आणि धाकट्या भावाला पाठवणं हे चारही पर्याय शाबूत असतात.

"जमंल ना पण?"

"जमायला पाहिजे."

"नक्की?"

"नक्कीच हाय. पण धरून नका चालू."

एवढ्या बोलण्यात इच्छा, शक्यता, अपेक्षा आणि पळवाट या चौघींची सोय लागलेली असते, आणि विचारणाराही त्यावर नाराज होत नाही. त्याला बरोबर कळतं, की दुसरा माणूस बघून ठेवायला हवा. गाईडात यासाठी एकही रकाना नाही.

मग हीच माणसं इंग्रजी बोलताना 'मे' आणि 'मस्ट' यांच्यात का अडकतात? माझं मत असं, की अडकतात ती रकान्यात. एका मोडलला एकच अर्थ चिकटवायचा आणि त्याखाली रेघ मारायची, या पद्धतीनं मराठीतलं 'पाहिजे' शिकवलं असतं तर आपल्यालाही ते आलं नसतं.

त्यातल्या त्यात एक मोडल मात्र अख्ख्या महाराष्ट्राला पक्कं येतं. 'मेआयकमिन्सर'. हा एकच शब्द आहे. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याआधी ते पाचवीत भेटायचं; पण पाचवीत भेटलेले आजोबा आणि पहिलीत भेटलेला नातू हा शब्द सारखाच म्हणतात. यातला 'मे' परवानगी मागतोय याची म्हणणाऱ्याला कल्पना नसते, कारण म्हणून होईपर्यंत तो बाकावर बसलेला असतो. आत येण्याची परवानगी मागणं हा मुळात आपला रिवाजच नव्हे. गावात माणूस "हायेत का घरात?" असं विचारतो तेव्हा त्याचा एक पाय ओट्यावर असतो आणि नजर चुलीवर काय आहे तिकडं.

बाकीच्या मोडलसाठी फळा सोडून उसात जावं लागतं.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. इथं धरणं झाली, कालवे आले, कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. मादी उसातच पिल्लं घालते, ऊसतोड सुरू झाली की ती सापडतात, आणि वनखात्याची माणसं ती आईच्या ताब्यात देण्यासाठी रात्र जागवतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. पण ज्या गोष्टीची धास्ती असते तिच्याबद्दल माणूस फार नेमकं बोलतो, आणि बिबट्याबद्दल या भागात जितकं नेमकं बोललं जातं तितकं मी कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता रात्रीचे दोन वाजलेत असं धरा. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीत आहे, त्यामुळे दारं धरायला जावं लागलंय. हे 'जावं लागणं' म्हणजे 'हॅव टू', 'मस्ट' नव्हे. 'मस्ट'ची सक्ती बोलणाऱ्याच्या मनातून निघते, 'हॅव टू'ची बाहेरून येऊन डोक्यावर बसते. विजेचं वेळापत्रक बाहेरूनच येतं. रात्री दोन वाजता स्वतःच्या मनानं उसात जाणारा माणूस अजून जन्मायचाय.

तर दोघं चुलतभाऊ बॅटरी घेऊन बांधावर उभे आहेत. उसाचा शेंडा हलतो. वारा नाही.

"बिबट्या असू शकतो," धाकटा म्हणतो. हा 'कुड बी'. यात पुरावा काहीच नाही, बिबट्याचं नुसतं सामर्थ्य मान्य केलेलं आहे.

"असला तं असंल," थोरला म्हणतो. हा 'माइट'. बोलणाऱ्याला पाणी अर्धवट सोडून जायचं नाहीये.

वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागतं. "असंल बरं का," थोरला जरा हळू म्हणतो. 'मे बी'.

मग कुत्रं भुंकायचं एकदम थांबतं.

"असणार," दोघं एकदमच म्हणतात. 'मस्ट बी'.

यात कंपल्शन कुठं आलं? कुणी कुणावर सक्ती केली? भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा गप्प झालेलं कुत्रं हा मोठा पुरावा आहे आणि त्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे हा 'मस्ट'. आणखी एक बारकी गोष्ट. बिबट्या डोळ्यांनी दिसला असता तर 'मस्ट'ची गरजच पडली नसती. तेव्हा माणूस 'आहे' एवढंच म्हणतो, तेही पळता पळता. म्हणजे 'मस्ट बी' दिसायला जोरकस असलं तरी साध्या 'इज'पेक्षा एक पायरी खालीच असतं. जो माणूस "मी प्रामाणिक असणार" असं म्हणतो त्याला कुणी उसनं देत नाही, ते याचसाठी.

सकाळी वनरक्षक येतात. चिखलात ठसे असतात. ते खाली बसून बघतात आणि सांगतात, "नखं उमटलीत. बिबट्या असणं शक्य नाही. तरस असेल, नाहीतर कुत्रंच." बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत, कुत्र्याला आणि तरसाला ही सोय नाही. वनरक्षकांचं हे 'शक्य नाही' म्हणजे इंग्रजीतलं 'कान्ट बी'. 'मस्ट बी'चं उलटं 'मस्ट नॉट बी' असेल असं पोरांना वाटतं, आणि वाटणारच. पण 'असणार'चं उलटं इंग्रजीत 'कान्ट'कडं दिलेलं आहे, आणि 'मस्ट नॉट' निघून गेलंय 'करता कामा नये'च्या घरी. 'करायची गरज नाही' हे तिसरंच, त्याला 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू'. लेण्याद्रीला गेलात तर हा फरक गुडघ्यांनाही कळतो. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या स्वतः चढायलाच पाहिजेत असं नाही, डोली मिळते. हा 'नीड नॉट'. माकडांसमोर पिशवी उघडता कामा नये. हा 'मस्ट नॉट'. पहिला नियम मोडणाऱ्याचे पाय दुखतात, दुसरा मोडणाऱ्याचा प्रसाद जातो.

फळ्यावरच्या 'मस्ट म्हणजे कंपल्शन' या एका ओळीनं काय होतं तेही सांगतो. 'द लेपर्ड मस्ट बी इन द शुगरकेन' या वाक्याचं भाषांतर एका हुशार मुलीनं मला लिहून दाखवलं: 'बिबट्याने उसातच असले पाहिजे.' नियमानं एकदम बरोबर. वाक्याला खाली सही-शिक्का तेवढा हवा होता. बिबट्यानं तो शासन निर्णय वाचून गावठाणात यायचं बंद केलं असतं तर अर्धा तालुका शांत झोपला असता.

आता 'शॅल' आणि 'विल'. इथं जरा थांबायला हवं, कारण या भानगडीत जुन्नरकर इंग्रजांच्या बरोबरीनं चाललेत आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलेलं नाही.

शिवनेरीवर जन्मलेले शिवराय तेवीस वर्षांचे होते त्या वर्षी, म्हणजे 1653 साली, इंग्लंडात जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञानं इंग्रजीचं एक व्याकरण छापलं, तेही लॅटिनमध्ये. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणणारा तो हाच. त्यानं नियम सांगितला: साधं भविष्य सांगायचं तर 'मी'बरोबर 'शॅल', आणि 'तू' नि 'तो' यांच्याबरोबर 'विल'. वचन द्यायचं किंवा धमकी द्यायची असेल तर सगळं उलटं. पुढच्या व्याकरणकारांनी हा नियम इतका घोटला, की त्यावर इंग्रजांनी स्वतःच एक विनोद तयार केला. एक परदेशी माणूस नदीत बुडत असतो आणि ओरडतो, "आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावरचे सभ्य इंग्रज त्याचं व्याकरण तपासतात, 'मी बुडणारच, खबरदार मला कुणी वाचवाल तर' असा अर्थ लावतात आणि टोपी काढून त्याच्या निर्णयाचा मान राखतात. कुकडीच्या कालव्यात पडलेला माणूस याबाबतीत नशीबवान. काठावरच्यांना फक्त 'ओ' ऐकू येतो आणि तेवढ्यावर उडी पडते.

प्रमाण मराठीतही असाच एक काटा आहे. मी येईन, तो येईल. मी करीन, तो करील. 'मी'ला वेगळं वागवायचं. पण आमच्याकडं ओतूरपासून मंचरपर्यंत कुणीही उठतं आणि म्हणतं, "मी येईल." "मी सांगेल." "मी बघेल." पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या तोंडून हे निघालं, की वसतिगृहातली पोरं हसतात, आणि पोरगं पुढची तीन वर्षं भविष्यकाळ टाळून बोलतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा, इंग्रजांनी नेमकं हेच केलं. रोजच्या बोलण्यातून त्यांनी 'मी'चा 'शॅल' जवळजवळ काढूनच टाकला आणि सगळ्यांना एका 'विल'वर आणून बसवलं. त्यासाठी त्यांना तीनेकशे वर्षं लागली. आपल्याकडं हे कुठल्याही समितीशिवाय झालं. हल्ली पुण्यातली पोरंसुद्धा 'मी येईल' म्हणतात असं ऐकतो. म्हणजे टोमॅटो आणि द्राक्षांनंतर आपला आणखी एक माल शहरात खपायला लागला.

टोमॅटोवरून आठवलं. गाईडात सगळ्यात शेवटी, बारीक टायपात, 'मोडल परफेक्ट' असतं: शुड हॅव, कुड हॅव, वुड हॅव, मस्ट हॅव. परीक्षेला फारसं येत नाही म्हणून तेवढा भाग वर्गात वगळतात. आणि शेतकऱ्याच्या पोराला आयुष्यभर लागणार असतं ते नेमकं एवढंच.

2023 सालची गोष्ट घ्या. उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव असे पडले, की तोडणीची मजुरीही सुटेना. काहींनी माल बांधावर ओतला, काहींनी बागा मोडल्या. जुलैत त्याच नारायणगावच्या बाजारात 20 किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या पुढं गेलं. त्या महिन्यात घराघरातून जे ऐकू आलं, ते इंग्रजी मोडल परफेक्टचं संपूर्ण प्रकरण होतं. 'बाग ठेवायला पाहिजे होती' हा 'शुड हॅव'. भूतकाळाला दिलेला सल्ला, जो भूतकाळ कधीच ऐकत नाही. 'ठेवता आली असती की, पाणी होतं' हा 'कुड हॅव'. 'ठेवली असती तर वरचा मजला झाला असता' हा 'वुड हॅव', आणि या 'वुड हॅव'मध्ये बांधलेल्या मजल्यांची मोजदाद केली तर जुन्नर तालुका मुंबईपेक्षा उंच निघेल. शेजाऱ्यानं बाग मोडली नव्हती. त्याच्या दारात नवी गाडी दिसली, की 'त्यानं चांगलेच कमावले असणार', हा 'मस्ट हॅव'. हा सगळा खल चालू असताना घरातली बाई आतून एकच वाक्य म्हणते: "मी तव्हाच म्हणले व्हते." यात एकही मोडल नाही. गरजच नाही.

'कुड'ची दुसरी खोड मात्र खरोखर फसवी आहे आणि ती मराठी माणसाला हमखास पकडते. 'मी पास होऊ शकलो' याचं आपण सरळ 'आय कुड पास' करतो. आपल्या 'शकलो'मध्ये ताकदही आली आणि पराक्रमही आला. इंग्रजी 'कुड' भूतकाळातली ताकद सांगून गप्प बसतं. काम एकदाचं झालं की नाही याची हमी घेत नाही. त्या हमीसाठी 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं. गाड्याच्या घाटावर उभं राहिलं की हे लगेच पटतं. आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाडा पळवायची चढाची धाव, नाणेघाट नव्हे. कुणी सांगितलं, "आपली जोडी बारा सेकंदांत बारी मारू शकत होती," तर घाटावरचा अख्खा गाव एकच प्रश्न विचारतो: "मंग मारली का?" हा प्रश्न ज्याला सुचला त्याला 'कुड' कळलं. आणि नाहीच मारली, तर 'कुडन्ट' बिनधास्त चालतं. अपयशाच्या बाबतीत इंग्रजी आपल्याइतकंच उदार आहे.

बैलगाडा शर्यतीचा अलीकडचा इतिहास तर मोडलमध्येच सांगता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा निकाल आला 7 मे 2014 रोजी. तारीख 'मे'ची, निकाल 'मस्ट नॉट'चा. मग राज्यानं 2017 साली कायदा केला, की 'शुड बी अलाउड'. तोही अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटी घालून परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं कायदा कायम ठेवला. या खेपेला तारीख आणि निकाल दोन्ही 'मे'चे निघाले. मधल्या काळात बैलांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्याकडं 'वुड यू लाइक टू' अजून पोहोचलेलं नाही.

'वुड यू', 'कुड यू', 'मे आय' ही विनयाची मोडल आपल्या लोकांना मनापासून पटत नाहीत, आणि यात त्यांचा उद्धटपणा नाही. आमच्याकडं जवळच्या माणसाशी आज्ञार्थातच बोलतात. ये. बस. पाणी घे. जेव. घरात पाहुणा आला आणि यजमानानं "आपण जेवाल का?" असं विचारलं, तर पाहुण्यानं समजून जावं की स्वयंपाक झालेला नाही. मासवडीच्या बेताला बोलावणं असेल तर सरळ 'मस्ट': "यायचंच. नाय आले तं बघा." यातलं 'तं बघा' मोडल नसलं तरी कंपल्शन पुरेपूर आहे. एका मावशींनी परदेशातून आलेल्या नातसुनेच्या ताटात मासवडीची चौथी वडी वाढत "यू मस्ट ईट" असं इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती बिचारी नवऱ्याकडं बघायला लागली, की हा घरचा कायदा आहे की काय. होताच. गोम अशी आहे, की इंग्रजही पाहुण्याला 'मस्ट'च म्हणतो. "यू मस्ट कम फॉर डिनर समटाइम." फक्त त्याच्या वाक्यात ते 'समटाइम' असतं, आणि त्या पाच अक्षरी शब्दात सगळं जेवण बुडालेलं असतं. आमच्या 'यायचंच'मध्ये तारीख असते, वेळ असते, आणि दुपारी बाराला फोन येतो: "निघाले का?"

आणि 'वुड'चा कोट? शाळेच्या स्नेहसंमेलनाची इंग्रजी पत्रिका छापायची वेळ आली, की 'विल'ला चारचौघांत न्यायची लाज वाटते. मग 'द फंक्शन वुड बी हेल्ड' असं छापतात. इंग्रजी वाचणारा पुढचं वाक्य शोधत राहतो: वुड बी हेल्ड, पण काय झालं? मंडपवाला आला नाही? इथं साधं 'विल' पुरतं. त्यात अपमान कुणाचाही नाही.

बोलण्यातून हद्दपार झालेला 'शॅल' गेला कुठं असं विचाराल, तर तो कायद्यात नोकरीला लागला. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यात न्यायालय एखादी गोष्ट 'मे प्रिझ्यूम' करू शकत होतं आणि काही गोष्टी त्यानं 'शॅल प्रिझ्यूम' करायच्या होत्या. घोडेगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं बांधाचा खटला लढवणाऱ्यांना हा फरक एखाद्या इंग्रजी प्राध्यापकापेक्षा जास्त माहीत असतो, कारण त्यांनी त्याची फी भरलेली असते. राज्यघटनेत तर एका 'शॅल'साठी घटनादुरुस्ती झाली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावं, हा 'शॅल' 1976 साली 42 व्या दुरुस्तीनं आला. दोन वर्षांनी 44 व्या दुरुस्तीनं त्याला एक 'मे' जोडून दिला: राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. आणि फेरविचारानंतर जो सल्ला येईल त्याप्रमाणे पुन्हा 'शॅल'. देशाच्या सर्वोच्च पदाचा कारभार असा दोन 'शॅल'च्या मधल्या एका 'मे'त बसवलेला आहे. आमच्या ग्रामसभेत ही व्यवस्था घटनेच्या आधीपासून असावी.

मराठी सरकारी भाषेनं मात्र याहून पुढची मजल मारली. तिनं कर्ताच काढून टाकला. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी धरणं. पाणी इथं साठतं आणि कालव्यानं पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि वर्तमानपत्रात येतं: 'आवर्तन सोडण्यात येईल.' कोण सोडणार? सोडण्यात येईल. कधी? येईल. गावच्या पारावर या भाषेचं चालू भाषांतर करणारी माणसं बसलेली असतात आणि त्यांची टिपणी एकदम पक्की असते. 'सोडण्यात येईल' म्हणजे 'मे'. 'सोडण्याचा प्रयत्न राहील' म्हणजे 'माइट'. 'आम्ही सकारात्मक आहोत' यासाठी इंग्रजांनी अजून मोडल काढलेलं नाही. 'सुटलं' हा एकच शब्द असा, की तो ऐकल्यावर माणूस उठून खोरं शोधायला लागतो.

पुणे-नाशिक रेल्वेचंही तसंच. ती 'येणार' आहे. मूळ आखणीत नारायणगाव होतं. पण जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, काही एका जागी आणि बाकीच्या शिवारात दूरदूर पसरलेल्या. आकाशातून येणारे फार क्षीण रेडिओ संदेश त्या ऐकतात, आणि रेल्वेमुळे त्यात व्यत्यय येईल म्हणून मार्ग बदलावा लागेल असं पुढं सांगण्यात आलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेलं ऐकू यावं म्हणून अजून न निघालेल्या गाडीनं वळसा घ्यायचा, यात पारावरच्या मंडळींना फारसं वावगं वाटलं नाही. 'येणार' असलेली गाडी कुठूनही येऊ शकते.

या खोडदला दर वर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्तानं दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. शाळाशाळांची पोरं प्रयोग घेऊन येतात, बरोबर मास्तर येतात, आणि शेत जवळ असलं तर आजोबाही येतात. अशाच एका गर्दीत एका पोरानं तिथल्या शास्त्रज्ञांना विचारलं, की सर, तिकडं वर कुणी असंल का हो, आपल्यासारखं?

शास्त्रज्ञ मराठीच होते. त्यांनी संशोधकाला शोभेल असं सांभाळून उत्तर दिलं, "असू शकेल. पण अजून तरी काही पुरावा नाही. आम्ही ऐकतोय."

पोराला काही बोध झाला नाही. आजोबांना झाला. त्यांनी वर, त्या भल्यामोठ्या जाळीदार अँटेनाकडं बघितलं आणि नातवाला समजावून सांगितलं, "म्हणजे कुत्रं अजून गप झालेलं नाही, असं म्हणत्यात ते."